खंडेनवमीनंतरचे फोटो

माझ्या अंगात एका जागी बसायचा गुण नाही. आई म्हणते, ही पायाला भिंगरी लावूनच आली. अशा बाईला देवानं नोकरी कोणती द्यावी? तर बंद खोलीत, एसीच्या गारठ्यात, लुकलुकणारे दिवे बघत बसायची.

यवतमाळात एक खासगी तपासणी केंद्र आहे. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन सगळं तिथं होतं, आणि निघालेला प्रत्येक फोटो माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर येऊन पडतो. पूर्वी या खोलीत फिल्म धुवायचे, त्यामुळे भिंती अजून काळ्याच आहेत. आमचे मोठे साहेब, म्हणजे केंद्राचे व्यवस्थापक, कोणी पाहुणा आला की त्याला इथं आणतात आणि दार उघडून म्हणतात, "हा आमचा स्वतःचा क्लाऊड. आपण बाहेर कोणाच्या हातात काही देत नाही." पाहुणा आधी छताकडे बघतो, मग माझ्याकडे. मी नमस्कार करते.

आता सर्व्हर म्हटला की तो कधी ना कधी मरणार, हे आलंच. म्हणून मागच्या इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत, एक छोटा डबा ठेवलाय. दोघांच्या मध्ये तार. रोज संध्याकाळी केंद्र बंद झालं की सर्व्हर दिवसभराच्या फोटोंची नक्कल करतो आणि एका ठरलेल्या फोल्डरात टाकतो. फोल्डर दिसतं सर्व्हरवर, पण त्यात टाकलेलं सगळं तारेवरून जाऊन पडतं त्या डब्यात. याला नेटवर्क शेअर म्हणतात. सकाळी मी आले की पडद्यावर हिरव्या अक्षरात लिहिलेलं असतं, बॅकअप यशस्वी. ते वाचायचं आणि चहा मागवायचा, हा माझा क्रम.

त्या भाद्रपदात वीज अशी कडाडली की आमच्या गल्लीतले पंखे, टीव्ही, सगळ्यांचं काही ना काही गेलं. आमच्या सर्व्हरमधल्या फोटो साठवायच्या डिस्का गेल्या. साहेबांचा चेहरा पांढराफटक. मी मात्र ऐटीत होते. म्हटलं, साहेब, कायले घाबरता, नक्कल आहे न आपल्याजवळ! नव्या डिस्का आल्या, बसवल्या, आणि डब्यातून फोटो परत ओढायला लावले. वर्षांवर्षांचे फोटो भराभर येऊ लागले. साहेबांनी स्वतःच्या हातानं मला चहा आणून दिला, यावरून समजा.

सगळं आलं असं वाटत असतानाच छातीच्या डॉक्टरांनी मला वर बोलावलं. ते आमच्याच इमारतीत बसतात. त्यांच्यासमोर एक नवराबायको बसले होते. तो राजूरच्या कोळसा खाणीत कामाला. अंगानं काटकुळा, पण चेहरा हसरा. दर दोन वाक्यांमागं खोकला. ती ठेंगणी, कपाळावर मोठं कुंकू, मांडीवर पिशवी गच्च धरलेली. यवतमाळात त्याच्या बहिणीकडे उतरले होते.

"मॅडम, यांचा संक्रांतीनंतर एक स्कॅन झालाय आपल्याकडे," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा उजव्या फुप्फुसात एक बारीक डाग दिसला होता. मी म्हटलं होतं, पावसाळ्यात परत या. आज परत काढला. डाग आहे. पण तेव्हाएवढाच आहे की वाढला, हे मला जुना फोटो शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. रिपोर्टात नुसतं 'लहान' लिहिलंय."

"फिल्म दिली असेल न यांना?" मी विचारलं.

तो बायकोकडे बघून हसायला लागला. "हिनं खिडकीले लावली, मॅडम. आमच्या क्वार्टरची खिडकी पश्चिमेची. उन्हाळ्यात भल्लं ऊन येते आतमधी. फिल्म पार काळी होऊन गेली."

"मले काय मालूम, त्याच्यात तुमची छाती हाय म्हणून!" ती फणकारली.

डॉक्टर हसले नाहीत. मला खिडकीशी नेऊन हळू आवाजात बोलले. डाग तेवढाच असेल तर ती जुनी खूण, काही करायची गरज नाही, माणूस घरी जाईल. वाढला असेल तर नागपूरला नेऊन कापायचा, आणि लगेच कापायचा. जुना फोटो नसेल तर दोनच वाटा. एक तर आणखी काही महिने थांबून परत स्कॅन करायचा. डाग वाईट निघाला तर ते महिने हातचे जाणार. नाही तर पाठीतून सुई घालून तुकडा काढायचा. पण कोळशाच्या धुळीनं खाल्लेलं फुप्फुस आहे ते, सुईनं फुसकन बसलं तर? "फोटो मिळाला तर बरं होईल, मॅडम."

"आत्ता देते," मी म्हटलं आणि जिने उतरत आले.

त्याचा नंबर टाकला. यादीत नाव आलं, तारीख आली, बॅकअप यशस्वी असं हिरवंही आलं. उघडलं तर म्हणे, फाइल नाही. परत उघडलं. नाही. म्हटलं, याचीच अडकली असेल, त्याच दिवसातल्या दुसऱ्या कोणाची बघू. तीही नाही. त्या आठवड्यातली एकही नाही. मग मी मागं जात गेले आणि पुढं जात गेले. गेल्या दसऱ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा एकही फोटो डब्यात नव्हता. आधीचे होते. नंतरचे होते. मधला काळ कोणी चिमटीनं उचलून नेल्यासारखा.

मी काय काय नाही केलं! तार काढून लावली. दुसरी तार आणून लावली. डब्याचं आरोग्य तपासलं, ठणठणीत. सर्व्हर आणि डबा एकमेकांशी बोलतात का बघितलं, छान बोलत होते. डब्यात फोटो ठेवायची परवानगी आहे का बघितलं, होती. एक फोटो इकडून टाकून बघितला, तिकडं पोचला. जे बिघडलेलं आहे ते शोधता येतं हो. इथं तर सगळंच चांगलं होतं! मला खुर्चीत बसवेना. दारापर्यंत जायची, परत यायची, पडद्यावर तेच बघायची.

बाहेर बाकावर ती दोघं येऊन बसली होती. मी दार उघडलं की ती मान वर करायची. "सापडला काय वो मॅडम?"

"पाहून राह्यली न ताई, सापडते."

"बरं," ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ती दोघं सकाळीच हजर. मी आले, ती म्हणाली, "सापडला काय?" मी मान हलवली. तो म्हणाला, "अवं, आता तं आल्या त्या. बसू तं दे त्यायले." पण तिची नजर माझ्या पाठीवर दार बंद होईस्तोवर होती. मला ती नजर सोसवेना. वाटायचं, ही बाई मनातल्या मनात मला शिव्या घालते आहे, आणि बरोबरच घालते आहे. इतका पगार घेऊन एक फोटो सांभाळता येत नाही हिला!

ज्या कंपनीनं हा बॅकअपचा प्रोग्राम विकला तिच्या पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅम, स्टेटस तर ग्रीन आहे."

"अरे बाबा, ग्रीन मलाही दिसतंय. फोटो कुठं आहे ते सांग."

"मॅम, ग्रीन आहे म्हणजे बॅकअप झालेला आहे."

"म्हणजे उद्या मी मेले आणि कागदावर जिवंत लिहिलं, तर घरच्यांनी माझं ताट वाढायचं का?"

तो म्हणाला, "मॅम, मी तिकीट रेज करतो." म्हणजे तक्रार नोंदवतो, आणि फोन ठेवला. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. टेबलावर हात आपटला, तो नंतर दुपारभर दुखला.

त्यात मोठे साहेब आले. दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, कायले एवढं जिवाला लावून घेता? सांगून टाका त्यांना, तांत्रिक अडचण आहे. आपण त्यांना एक स्कॅन फुकट काढून देऊ."

"साहेब, जुना फोटो परत कसा काढणार? संक्रांत परत आणता का तुम्ही?"

"तुम्ही बोलता फार," साहेब म्हणाले आणि गेले. मी बोलते फार, हे खरं आहे. पण त्या वेळी मला रडू येत होतं, आणि मला रडू यायला लागलं की तोंड चालतं.

रडण्यापेक्षा तारखा बघू म्हटलं. भोक कुठं सुरू होतं? दसऱ्याच्या दिवशी. संपतं कुठं? मे महिन्यात. मे मधलं मला पक्कं आठवत होतं. उन्हानं आमचा एसी बसला होता, खोलीची भट्टी झाली होती, म्हणून मी सगळी यंत्रं बंद करून दुसऱ्या दिवशी परत सुरू केली होती. त्या दिवसापासून फोटो डब्यात व्यवस्थित पडत होते. मग दसऱ्याला काय झालं? दसऱ्याला मी नव्हतेच. माझं सासर बोरी अरबचं, दसरा-दिवाळी आम्ही तिकडेच असतो. म्हणून रिसेप्शनवरच्या ताईला जाऊन विचारलं. ती इथं माझ्याही आधीपासूनची आहे, आणि सणासुदीचा सगळा घाट तीच घालते.

"ताई, मागच्या दसऱ्याले मशिनींचं काय केलंतं?"

"काय करणार? पूजा केली!" ती म्हणाली. "तुम्ही गेलत्या न गावाले. खंडेनवमीले सगळं बंद ठेवलं. हत्याराले त्या दिवशी विसावा असते की नाई? सुतार करवत धरत नाही, ड्रायव्हर गाडी काढत नाही. मग आपल्या मशिनींनी काय पाप केलं? मी स्वतः पुसून-पासून हळदकुंकू लावलं, झेंडूचे हार घातले. तुमच्या सर्व्हरले तं इतला मोठा हार!"

"आणि सुरू केव्हा केलं?"

"दसऱ्याच्या सकाळी. साहेबांच्या हातानं."

"कोणतं पहिले सुरू केलं?"

तिला प्रश्नच कळेना. "कोणतं म्हणजे? मान मोठ्याचा पहिला! सर्व्हरपुढं नारळ फोडला, त्याचं बटन पहिले दाबलं. मंग सीटीचं, मंग एक्स-रेचं, सोनोग्राफीचं. मंग पेढे वाटले. आणि तो तुमचा मांगचा डबा, तो धाकटा. त्याले सगळ्यायच्या शेवटी हार घातला न सुरू केला."

मी तिथंच काउंटरवर डोकं टेकलं. ती घाबरली. "काय झालं वो? काही चुकलं काय आमचं?"

काय सांगणार तिला? चूक म्हणावी तर अशी चूक फक्त आपल्याकडेच होते. पंगतीत, हळदीकुंकवात, लग्नाच्या आहेरात, मोठ्याला डावलून धाकट्याला आधी दिलं तर वर्षभर अबोला धरतात माणसं. मग ज्याला सगळं केंद्र कर्ता पुरुष मानतं त्या सर्व्हरला शेवटी कोण उठवणार? पण यंत्राचं उलटं आहे. आधी धाकट्या डब्याला जागं करावं लागतं, म्हणजे सर्व्हर उठल्या उठल्या त्याला हाक मारतो आणि दोघांची जोडणी होते. त्या सकाळी सर्व्हर उठला, हाक मारली, पलीकडं सगळं झोपलेलं. थोडा वेळ वाट पाहिली आणि तो आपल्या कामाला लागला. नंतर डबा उठून बसला, हार घालून, पण हाक मारणारं कोणी राहिलं नाही. मे महिन्यात मी माझ्या सवयीनं डबा आधी सुरू केला, म्हणून जोडणी परत झाली. मधले सगळे महिने हिरवी अक्षरं रोज येत होती आणि मी रोज चहा पीत होते. पालथ्या घड्यावर पाणी!

"काही नाही ताई, तुमचं काही चुकलं नाही," मी म्हटलं.

मग बाहेर बाकाशी गेले. तो भिंतीला टेकून डुलकी घेत होता. ती जागी होती. मी तिच्याशेजारी बसले आणि सांगितलं, "ताई, बहुतेक नाही मिळत. त्या महिन्यांतलं काहीच डब्यापर्यंत पोचलं नाही. माफ करा आम्हाले."

तिनं माझ्याकडे बघितलं. "बहुतेक, का पक्कं?"

हा प्रश्न मला असा लागला! पक्कं काय ते मला कुठं माहीत होतं? मी उठले आणि आवाराबाहेर पडले. चौकात देवीच्या मांडवाचे बांबू उतरत होते. नवरात्रात यवतमाळ झोपत नाही, त्याची तयारी आधीपासूनच चालते. पोरं बांबू ठोकत होती, एक ऑटोवाला कडेला घे म्हणून मला ओरडत होता. मी आपली चालत होते आणि स्वतःशी मोठ्यानं बोलत होते. लोक बघतात, बघू देत. डबा झोपला होता, मान्य. मग सर्व्हरनं नक्कल ठेवली कुठं? ठेवलीच नसती तर काम झालं नाही म्हणून लाल अक्षरं आली असती. लाल एकदाही आलं नाही. हिरवं आलं. म्हणजे त्यानं फोटो कुठंतरी ठेवले. त्यानं जागा शोधली, ती सापडली, तिथं ठेवले, आणि खरंच यशस्वी झाला तो! पुण्याचा पोरगा खोटं बोलत नव्हता मेला!

मी पळत परत आले. साडी असती तर पडले असते.

सर्व्हरमध्ये दोन जागा असतात. एक मोठी, फोटोंची, तिच्याच डिस्का विजेनं गेल्या होत्या. दुसरी लहान, सर्व्हरच्या स्वतःच्या कामाची, ती शाबूत होती. ही लहान जागा बरेच दिवस जवळजवळ भरलेली दिसायची. मी म्हणायची, जुना कचरा असेल, करू कधी साफ. आता तिच्यात जे जे डोळ्यांना दिसतं त्याची बेरीज केली, तर पाव जागाही भरत नव्हती. मग बाकीची कोणी खाल्ली? काही तरी होतं तिथं, पण दिसत नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्यात दिवा लागला. आमच्या सासरी भिंतीत देवळ्या आहेत, रॉकेलची चिमणी ठेवायचे कोनाडे. एका देवळीसमोर कोणी तरी लोखंडी कपाट सरकवून ठेवलं. आता त्या जागी हात घातला की कपाट लागतं, कपाटातलं सामान लागतं. मागची देवळी कोणाला दिसत नाही. पण कपाट आणण्याआधी देवळीत काही ठेवलं असेल, तर ते तिथंच आहे की! ते फोल्डर म्हणजे तशीच देवळी. डबा जोडलेला असला की तिच्यासमोर डब्याचं कपाट उभं. दसऱ्याला कपाट नव्हतं. सर्व्हरनं बिचाऱ्यानं रोजचे फोटो उघड्या देवळीत ठेवले, सर्व्हरच्याच पोटात. मे मध्ये मी मोठ्या हुशारीनं कपाट आणून तिच्यापुढं उभं केलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

कपाट सरकवायचं म्हणजे डब्याची जोडणी सोडायची. तेवढंच. पण माझा हात उठेना. देवळी रिकामी निघाली तर? आतापर्यंत निदान 'बहुतेक' होतं. जोडणी सोडली की पक्कं होणार. मी देवीचं नाव घेतलं आणि सोडली. मग तेच फोल्डर, त्याच नावाचं, परत उघडलं.

भरलेलं होतं. दसऱ्याचं होतं, दिवाळीचं होतं, संक्रांतीचं होतं. त्याचा नंबर टाकला आणि पडद्यावर एक फुप्फुस उघडलं, राखी, धुरकट, कडेला नाव.

मी ओरडलेच. "सापडलाऽऽ!" दार आपटून बाहेर आले. कोणाकोणाला मिठ्या मारल्या मला आठवत नाही. रिसेप्शनवरची ताई टाळ्या वाजवत होती. साहेब त्यांच्या खोलीतून धावत आले, त्यांना वाटलं पुन्हा काही जळलं. तो खाणवाला उठून उभा राहिला, हात जोडले आणि हसता हसता खोकत राहिला. "वा रे मॅडम! जमवलं बाप्पा तुम्ही!" माझा जीव भांड्यात पडला. इतका आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता.

आधी सगळ्या फोटोंची नक्कल दोन ठिकाणी केली, कारण आता माझा कशावरच भरवसा उरला नव्हता. मग डॉक्टरांच्या पडद्यावर दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून दिले. डावीकडे संक्रांतीचा, उजवीकडे आताचा. मी निघत होते, डॉक्टर म्हणाले, थांबा, तुम्हीच शोधलंत, बघा. मला त्यातलं काही कळत नाही. पण डावीकडे तुरीच्या दाण्याएवढं काही होतं आणि उजवीकडे बोराएवढं, हे कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

डॉक्टरांनी दोघांना बसवून नीट सांगितलं. डाग वाढलाय. वाईट आहे. पण अजून एकाच जागी आहे, इतक्यात काढला तर माणूस निभावतो, असे निभावलेले आपण पाहिलेत. आणखी काही महिने थांबलो असतो तर हे बोलता आलं नसतं. मी नागपूरला फोन करतो, तुम्ही आजच निघा. तो सगळं ऐकत होता, मान हलवत होता. मग म्हणाला, "म्हंजे हा फोटू नसता भेटला तं आपण अजून बसूनच राह्यलो असतो."

"हो," डॉक्टर म्हणाले.

तो माझ्याकडे वळला आणि परत हात जोडले. मला तिथं उभं राहवेना. एका घटकेपूर्वी मी नाचत होते.

दुपारी ते निघायचे होते. तो बहिणीच्या घरी सामान आणायला गेला, ती आमच्या बाकावर थांबली. मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले. तिनं कप हातात धरला, प्यायली नाही.

"ताई, होते सगळं बरं. डॉक्टर म्हणाले न, वेळेवर सापडलं," मी म्हटलं. आणखी काय बोलणार?

"तुमच्यावर राग नाही मॅडम माहा," ती म्हणाली. "तुम्ही तुमचं काम केलं. पण मी खोटं काहून बोलू? मी इथं बसून रोज देवीले म्हणे, माय, ह्या पोट्टीच्या हाती काही लागू देऊ नको. तुम्ही भायेर आल्या का माह्या छातीत धडधड होये. तुम्ही नाही म्हटलं, का मले अजून एक दिवस भेटे. त्या दिवशी मी यायच्यासंगं बसून पोटभर जेवो."

मी तिच्या शेजारी खाली बसले. मी समजत होते ती मला घाई करते आहे. ती दर वेळी माझ्याकडून 'नाही' ऐकायला मान वर करत होती.

आणि मला सकाळचा तो क्षण परत दिसला. मी ओरडत दार आपटून बाहेर आले तेव्हा रिसेप्शनवरची ताई उठली होती, साहेब धावत आले होते, तो उठून उभा राहिला होता. ही एकटी बसून होती, पदर तोंडाशी धरून. मला वाटलं, आनंदानं रडते आहे. "रडू नका ताई, सापडला न आता," म्हणत मी तिला घट्ट मिठी मारली होती.